नत्थुजी मिस्त्रींची फुंक

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात, दोरखंडवाल्यांच्या पुढं, कडुनिंबाखाली एक मळकं पोतं अंथरलेलं दिसलं आणि त्यावर फवारणीचे दहा-बारा पंप उताणे पडलेले दिसले, की समजायचं, नत्थुजी मिस्त्री आले. दुकानाला छप्पर नाही, पाटी नाही. पाटी लावून करायचं तरी काय? खरिपात पंप बिघडला की आमच्याकडचा माणूस आधी पंपाला शिव्या घालतो, मग तो विकणाऱ्याला घालतो आणि मग मुकाट्यानं नत्थुजींकडं येतो. तीस वर्षं हेच चाललं आहे.

नत्थुजींचं शिक्षण सातवीपर्यंत. पुढंही शिकले असते, पण त्यांना एक खोड होती, ती मास्तरांना सोसली नाही. ‘काहून’, म्हणजे ‘का’, विचारायची खोड. पाणी उताराकडं वाहतं म्हटलं की हे विचारणार, काहून? स्वतःच्या लग्नात भटजींनी अंतरपाट धरला, तर नवरदेवानं अंतरपाटाआडून विचारलं की हा पडदा काहून धरता. पार्बताबाई, म्हणजे त्यांची बायको, हे सांगताना अजूनही पदर तोंडाला लावते. पण हीच खोड पंपाच्या कामी आली. पितळी पंप गेले, प्लास्टिकचे आले, मग बॅटरीचे आले. नत्थुजींनी प्रत्येक नवा पंप उघडला, पोत्यावर पसरला आणि तो काहून चालतो हे कळल्यावरच मिटला. दोष शोधायची त्यांची रीत ठरलेली. एका वेळी एकच भाग काढायचा, एकच बदलायचा आणि पाहायचं. दोन भाग एकदम बदलले तर पंप सुरू होतो, पण खोट कशात होती ते कळत नाही. आणि ते कळलं नाही तर नत्थुजींना घास गोड लागत नाही.

या सगळ्यात त्यांचं नाव झालं ते फुंकीनं. फवारणीच्या पंपाला पुढं नोझल असतं, शेंगदाण्याएवढं. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. विहिरीच्या पाण्यातला गाळ त्यात अडकला की फवारा बसतो. लोक टाचणी घालतात आणि भोक वाया घालवतात. नत्थुजी नोझल काढत, ओठांत धरत, एक चोख मारून गाळ तोंडात ओढत, थुंकून टाकत आणि मग गाल फुगवून अशी फुंक मारत की पलीकडच्या कांदेवाल्याला शिट्टी ऐकू जाई. क्षणात नोझल साफ. आणि विद्या लपवून ठेवायचा स्वभाव नाही. जो येईल त्याला शिकवलं. ओठ कसे दाबायचे, चोख किती मारायची, सगळं करून दाखवलं. अर्ध्या तालुक्यानं नोझल फुकायला नत्थुजींकडून शिकून घेतलं आहे, आणि त्यांना याचा अभिमान होता.

त्यातून आणखी एक विद्या निघाली. बाजारात बोगस औषधं यायला लागली. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात, कोणी विष म्हणत नाही. तर शेतकऱ्याला बाटलीवरून खरं-खोटं कळायची सोय नाही. अळी मेली नाही की मग कळतं. नत्थुजींच्या एवढं ध्यानात आलेलं की काही औषधांच्या पंपाचं नोझल फुकलं की ओठावर मुंग्या चालल्यासारखं होतं, आणि औषध जितकं कडक तितक्या मुंग्या जास्त. झालं, लोक बाटल्या घेऊन यायला लागले. झाकणभर पाण्यात थेंबभर औषध, त्यात नोझल बुचकळायचं, ओठाला लावायचं, डोळे मिटून थोडं थांबायचं. मग नत्थुजी सांगत, चुणचुणते, अस्सल हाये. संत्र्याच्या मोठ्या बागेचे भगवंतराव तर नत्थुजींचा ओठ चुणचुणल्याशिवाय बाटलीचं बूच बागेत उघडू देत नसत. हसू नका. शेतात पीक उभं आहे आणि बाटली खरी की खोटी हे सांगणारं दुसरं कोणी नाही, तर तुम्ही तरी काय केलं असतं?

नत्थुजी स्वतः फवारणी करत नसत. शेत मुलाकडं, गोपालकडं दिलेलं. तो बायकोमुलांसह शेतातल्या घरीच राहतो. औषध लागायचं, म्हणजे अंगात भिनायचं, ते फवारणाऱ्याला, मिस्त्रीला काय लागतं, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथर कापायला लागला तेव्हा औषधाचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

हात कापतो म्हणजे फार नव्हे. बिडी धरली तर टोक हलायचं. पण मिस्त्रीचं काम बारीक. वायसर, म्हणजे गळती थांबवणारी रबरी चकती, बसवायचा तर बोटं ठाम लागतात. आता ज्याचा हात कापतो त्याच्याकडं आपला पंप कोण देईल? नत्थुजींनी खांद्यावरचा दुपट्टा हातावर घ्यायला सुरुवात केली आणि पार्बताबाईला बाजारात सोबत आणायला लागले. हे गिऱ्हाइकाशी बोलत, दोष सांगत, आणि बाई वायसर बसवी. लोक म्हणाले, वा, मिस्त्रींनी बायकोलाही तयार केलं. दोघंही मान डोलावत. गावच्या डॉक्टरनं नाडी पाहून वयाचं कारण सांगितलं होतं. नत्थुजींनी विचारलं, मग डावा हात त्याच वयाचा असून तो काहून कापत नाही? डॉक्टरनं पुढचा पेशंट बोलावला.

गेल्या श्रावणातली गोष्ट. बाजारातून आल्यावर नत्थुजींच्या डोळ्यात काही गेलं, म्हणून पार्बताबाईनं त्यांना ओसरीवर बसवलं आणि पदराच्या टोकानं कचरा काढायला वाकली. कचरा निघाला, पण बाई तशीच वाकून पाहत राहिली. नवऱ्याच्या डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली होती. संधिप्रकाशात माणसाची बाहुली मोठी होते. घरच्या मांजरीचीही होते. नत्थुजींनी आरसा मागवला, आपले डोळे पाहिले, मग बायकोचे पाहिले. तिची बाहुली मसुरीएवढी होती. तेव्हा त्यांना आठवलं की बाजाराच्या दिवशी परतताना रस्ता अंधुक दिसतो, तोंडात लाळ फार येते, पोटात मुरडा येतो, आणि तिसऱ्या दिवशी हे सगळं आपोआप जातं. उन्हाळ्यात तर कधीच होत नाही. आपल्यातच एक बिघडलेला पंप सापडला, असा त्यांचा चेहरा झाला होता, असं बाई सांगते. घाबरायचं सोडून माणूस खूश झाला होता.

मग सुरू झाली तपासणी. एका वेळी एकच भाग. पहिला संशय तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर. पंधरा दिवस खर्रा बंद केला. घरातल्या भांड्यांना तेवढा त्रास झाला, बाहुली मात्र बाजाराच्या दिवशी पुन्हा मोहरीएवढी. खर्रा पुन्हा चालू, चहा बंद. काही नाही. मग ऊन नको म्हणून पोत्यावर ताडपत्री बांधली. काही नाही. एवढ्यात पावसाची आठ दिवसांची झड लागली. फवारणी थांबली, बाजारात एकही पंप आला नाही, आणि त्या दिवशी संध्याकाळी आरशात पाहतात तो बाहुली मसुरीएवढी. म्हणजे खोट पंपात. पण आपण तर फवारत नाही. मग पंपातलं आपल्यात येतं कुठून? इथं त्यांची अक्कल अडली, आणि अडली की त्यांना राहवत नाही. अकोल्याला नसांच्या डॉक्टर आहेत असं कळलं, तर पार्बताबाईला घेऊन सकाळच्या एसटीनं निघाले.

डॉक्टर देवश्री वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी गावच्या डॉक्टरसारखं झटपट उरकलं नाही. डोळ्यात बॅटरी मारली, हात पुढं धरायला लावले, कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं. मग म्हणाल्या, काका, तुम्ही कामाला बसता तेव्हा नेमकं काय काय करता ते मला करून दाखवा. नत्थुजींच्या खिशात नोझल होतंच. त्यांच्या खिशात ते नसेल असा दिवस नाही. त्यांनी ते काढलं, दुपट्ट्याला पुसलं, ओठांत धरलं आणि चोख मारून अशी झकास फुंक मारली की बाहेर बसलेली नर्स दारात डोकावून गेली. वाहवा मिळेल म्हणून त्यांनी वर पाहिलं. डॉक्टरबाईंनी लेखणी खाली ठेवली होती.

मग त्यांनी सांगितलं ते नत्थुजींनी तोंड उघडं ठेवून ऐकलं. आपल्या नसेचा निरोप स्नायूपर्यंत एक रसायन घेऊन जातं. निरोप पोचला की ते रसायन लगेच पुसून टाकायला शरीरात दुसरा एक पदार्थ असतो. कीटकनाशकांचा एक मोठा गट त्या पुसणाऱ्यालाच जखडून टाकतो. निरोप गेला तो गेला, थांबतच नाही. किड्याचं तेच होतं, माणसाचंही तेच होतं. माणूस मोठा म्हणून एका थेंबानं मरत नाही, इतकंच.

“म्हंजे खटका दाबला अन् सोडला,” नत्थुजी म्हणाले, “तरी व्हॉल्व्ह मिटतच नाई. फवारा चालूच.”

बाई म्हणाल्या, अगदी तसंच. मग काय विचारता. लाळ काहून सुटते? व्हॉल्व्ह उघडा. घाम, मुरडा, डोळ्याचं पाणी? व्हॉल्व्ह उघडा. बाहुली बारीक करणाऱ्या स्नायूला ‘आवळ, आवळ’ म्हणून निरोप चालूच, म्हणून ती मोहरीएवढी. नत्थुजी एकेक कोडं स्वतःच सोडवत गेले आणि प्रत्येकाला मांडीवर थाप मारत गेले. पार्बताबाईनं त्यांना कोपरानं डिवचलं, कारण ती गोष्ट त्यांच्याच शरीराची चालली होती आणि हे त्यांच्या ध्यानातूनच गेलं होतं.

ध्यानात आलं ते चुणचुणीचं निघाल्यावर. त्यांनी मोठ्या ऐटीत आपली अस्सल-बोगसची परीक्षा सांगितली. डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं, की तो औषधांचा दुसरा गट. तो नसेचं दारच नीट लागू देत नाही. “ओठ चुणचुणतो ना काका, तेव्हा तुमची नस सांगत असते, मला लागलं म्हणून. औषध चांगलं आहे असं ती सांगत नसते.” नत्थुजींनी नकळत ओठावरून हात फिरवला. मग बाईंनी विचारलं, असं आणखी कोण करतं? ते बोटांवर नावं मोजायला लागले. शेवटी म्हणाले, अर्धा तालुका. मग म्हणाले, मीच शिकवलं.

रक्त तपासलं, तर तो पुसणारा पदार्थ हवा त्याच्या निम्म्यावर आलेला. बाईंनी बजावलं, की नोझल तोंडाला लावायचं नाही, हातमोजे घालायचे, हात धुतल्याशिवाय खर्ऱ्याला शिवायचं नाही. पदार्थ हळूहळू भरून येईल, डोळे नीट होतील. हाताचं मात्र मी आज सांगणार नाही, म्हणाल्या. कापायला दुसरी कारणंही असतात, ती आधी एकेक करून काढू. एकेक करून काढायचं म्हटल्यावर नत्थुजींना बाई एकदम आपल्या वाटल्या.

ते परत आले आणि त्यांनी सायकलचा हवा भरायचा पंप घेतला, त्याच्या नळीला रबराचा तुकडा जोडला, त्यात नोझल बसवलं आणि वरून दट्ट्या मारला. साफ. दात घासायच्या जुन्या ब्रशनं उरलंसुरलं निघतं. काम तेच, तोंडाशिवाय. पण बाजार कसला खट्याळ! लोक हसले. मिस्त्रींचा दम सरला, फुंक उरली नाही, म्हणाले. नोझल फुकू नका असं हे सांगत, तर समोरचा यांच्याच डोळ्यांदेखत नोझल ओठात धरी आणि डोळा मिचकावी. बाटल्या घेऊन येणारे रुसले. आणि सगळ्यांचं उत्तर एकच, की नत्थुजींनी तीस वर्षं फुकलं, त्यायले काय झालं? त्यांना काय झालं ते दुपट्ट्याखाली होतं, आणि नत्थुजी दुपट्टा काढत नव्हते. म्हणजे बघा, ज्यानं तपासणी लावली, तोच पुरावा दाबून बसला होता. पण मी त्यांना नावं ठेवणार नाही. तीस वर्षांचं नाव असं एका झटक्यात कोणी खाली ठेवत नाही.

दीड महिन्यानं पुन्हा अकोला. पदार्थ चांगला वर आला होता, डोळे स्वच्छ, मुरडा गेलेला. हात तसाच. बाकीच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, बहुतेक हे त्याचंच आहे. कमी होईल, किंवा एवढंच राहील. नस किती सावरेल ते मला आज सांगता येत नाही. नत्थुजींनी काहून विचारलं नाही.

त्याच आठवड्यात ते शेतावर गेले. गोपाल तुरीवर फवारत होता. बांधाशी आला, नोझल काढलं, चोख मारली, थुंकला आणि फुंक मारली. हुबेहूब बापाची फुंक. बारा वर्षांचा असताना त्यानं ती पहिल्यांदा जमवली होती, तेव्हा नत्थुजींनी त्याला खांद्यावर घेऊन सगळ्या बाजारातून मिरवलं होतं. नत्थुजी त्याला बाभळीच्या सावलीत, जिथं बाहुली मोठी व्हायला हवी तिथं, घेऊन गेले, हनुवटी धरून वर केली आणि डोळ्यांत पाहिलं. मोहरी. त्यांनी समजावलं, व्हॉल्व्हचं सांगितलं, निरोपाचं सांगितलं. डोकं दुखतं का, विचारलं. गोपाल म्हणाला, फवारणीत ते सगळ्यांचंच दुखतं.

“तुमी तीस वर्षं फुकलं, बाबा,” तो हसून म्हणाला. “तुमाले काय झालं? मंग मले काय होते?”

नत्थुजींचा हात दुपट्ट्यातच होता. ते तसेच घरी आले. ताटावर बसले आणि भाकर बाजूला सारली. शेवटी पार्बताबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भाकर त्यांच्या पुढं सारली आणि म्हणाली, “दाखवा ना मंग. कोणासाठी झाकून राहिले?”

पुढच्या बाजारी गर्दी होती. भगवंतराव बाटली घेऊन आले होते. मिस्त्री, आता हट्ट पुरे, एकदा ओठ लावून सांगा, माझी बाग अडून बसली आहे, म्हणत होते. गोपालही आला होता, पंप दुरुस्तीला टाकायला. चारसहा जण उगाच उभे. नत्थुजींनी पार्बताबाईकडं पाहिलं. मग दुपट्टा काढून पोत्यावर ठेवला, तळहातावर एक वायसर ठेवला आणि हात सगळ्यांसमोर लांब केला. वायसर तळहातावर थरथरला, सरकत सरकत कडेला आला आणि खाली पडला. त्यांनी तो उचलला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा पडला.

“दोन वर्षांपासून हे झाकून राहिलो मी,” ते म्हणाले. “वायसर हे माही बायको बसवते, मी नाई. तुमी इचारता ना, नत्थुजीले काय झालं? हे झालं. फुकाले मी शिकवलं तुमाले. चुकलं माझं.”

कोणी हसलं नाही. या माणसाच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द त्या बाजारानं कधी ऐकला नव्हता. भगवंतरावांनी बाटली पिशवीत घातली. नत्थुजींचा हात अजून पुढंच होता. तो मागं घ्यायचं त्यांना सुचलंच नसावं.

गोपाल खाली बसला. त्यानं बापाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आधी हळू, मग घट्ट, जसा एखादा उसळणारा पंप दाबून धरावा. हात थांबेना. त्याच्या मुठीतही तो तसाच कापत राहिला. मग त्यानं विचारलं, “बाबा, माहा हातबी असा होईन का?”

नत्थुजींनी डाव्या हातानं मुलाच्या खिशातलं, बापासारखंच जवळ बाळगलेलं, नोझल काढून घेतलं.

“मले नाई माईत,” ते म्हणाले. “उद्या सकायच्या एसटीनं अकोल्याले जाऊ.”